एबास्को म्हणजे कोण?

बेगडेवाडीच्या स्टेशनावर लोकल क्षणभरच टेकते. देहूरोड सोडलं की घोराडेश्वराचा डोंगर दिसू लागतो आणि त्याच्याकडं बघता बघता हे छोटं स्टेशन मागं पडतं. पुण्याकडच्या लोकांना हे नाव आता गहुंज्याच्या क्रिकेट मैदानामुळं ठाऊक झालंय. माझ्यासाठी ते मामाचं घर. मामा गेल्यावर पहिल्या पावसाळ्याआधी मामीनं निरोप धाडला, "माळा गळतोय, त्यांच्या ट्रंकेतलं काय हवं ते येऊन बघून जा."

ट्रंकेत टी-स्क्वेअर होता, कडा पिवळ्या पडलेले गुण्ये होते, शाई खरवडायच्या ब्लेडची पाकिटं होती. मामा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन म्हणून मुंबईला गेला आणि पुढं डिझाइनच्या टेबलावर पोचला, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. ट्रंकेच्या तळाशी चामड्याच्या म्यानात त्याचा स्लाइड रूल निघाला. म्यानावर चिकटवलेली कागदाची पट्टी आणि तिच्यावर ड्राफ्ट्समनच्या सरळ उभ्या अक्षरांत दोन शब्द: टाटा-एबास्को.

"मामी, हा एबास्को कोण गं?"

"त्यांचा पहिला साहेब असंल," मामी म्हणाली. "अमेरिकेचं कुणीतरी होतं म्हणं तेव्हा."

मी पदविकेच्या मुलांना वीजयंत्रं शिकवते. अभियांत्रिकीच्या कंपन्यांची नावं बघा: बेक्टेल हे माणसाचं आडनाव, दस्तूर हे माणसाचं आडनाव, गॅमन हेही माणसाचंच. तेव्हा एबास्को हा असाच कुणी इटालियन वंशाचा अमेरिकन अभियंता असणार, असं मीही धरून चालले. त्या चुकीच्या समजुतीनं मला बरेच महिने भलत्याच वाटेनं फिरवलं. मी एका माणसाला शोधत होते, आणि तो माणूस नव्हताच.

शोधाचा पहिला अर्धा भाग सोपा होता. टाटा-एबास्को हे आजच्या टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सचं, म्हणजे धंद्यातली माणसं जिला नुसतं 'टीसीई' म्हणतात त्या कंपनीचं, जन्मनाव. साल १९६२. टाटा समूह आणि अमेरिकेची एबास्को सर्व्हिसेस यांनी मिळून मुंबईत सल्लागार अभियंत्यांची कंपनी काढली. पुढं नावातला एबास्को गळाला आणि कंपनी पूर्णपणे टाटांची झाली. आज ती टाटा सन्सच्या संपूर्ण मालकीची आहे. एवढं कोणत्याही माहितीपत्रकात मिळतं, आणि बहुतेक जण इथंच थांबतात.

सल्लागार अभियंता नेमकं विकतो काय, हे इथंच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो यंत्र बनवत नाही, भिंतही बांधत नाही. वीजकेंद्र काढायचं ठरलं की जागा कोणती, पाणी कुठून, यंत्रं किती ताकदीची, कोणतं यंत्र कुठं बसेल, नळ कोणत्या वाटेनं जाईल, हे तो कागदावर आणतो. निविदेचा मसुदा तोच लिहितो, आलेल्या निविदा तोच पारखतो, यंत्र करणाऱ्यानं पाठवलेली ड्रॉइंग तोच तपासतो. ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, अशा तीन ओळी आणि प्रत्येकीसमोर आद्याक्षरं. नळ फुटला, पाया खचला, तर बोट ठेवायचं ते तिसऱ्या ओळीवर. विकलं जातं ते त्या तिसऱ्या ओळीतलं धाडस.

मला या कोपऱ्याचा अर्थ मामानंच शिकवला होता. मी डिप्लोमाला असताना माझ्या शीटवर त्यानं बोट ठेवून विचारलं होतं, "इथं कुणाची सही?" मी म्हटलं, "सरांची." तो म्हणाला, "मग चूक झाली तर तुला काहीच नाही का?"

दुसरा धागा हाती लागला तो भलतीकडंच. मुलांची सहल खोपोलीच्या वीजकेंद्राला न्यायची होती, म्हणून मी लोणावळ्याच्या धरणांचा इतिहास काढून बसले होते. आम्हा मावळकरांना वळवणचं धरण म्हणजे पावसाळी गर्दीची जागा. पण ते धरण हा एका माणसाच्या नजरेचा शोध आहे. मुंबईतले वास्तुविशारद आणि अभियंते डेव्हिड गॉस्टलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं की सह्याद्रीच्या कड्यावर पडणारा पाऊस पूर्वेकडं वाहून जातो, आणि त्याच कड्याच्या पश्चिमेला जमीन एकदम दीड हजार फुटांहून जास्त खाली कोसळते. पाणी अडवून उलट दिशेला, कोकणात सोडलं, तर त्या पडण्यात वीज आहे. तेव्हा मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशाच्या वाफेवर चालत. गॉस्टलिंगनी ही कल्पना जमशेटजी टाटांच्या कानी घातली. १९०४ साली जमशेटजी गेले. मुलांनी, म्हणजे दोराबजी आणि रतनजींनी, ती पुढं नेली.

७ नोव्हेंबर १९१० रोजी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंद झाली. ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला कोनशिला बसवली. ११ फेब्रुवारी १९१५ ला लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची वीज सुरू झाली आणि तारांवरून सुमारे ७० किलोमीटर जाऊन मुंबईच्या गिरण्यांत पोचली. या साऱ्यामागचे सल्लागार अभियंते लंडनचे: आल्फ्रेड डिकिन्सन आणि कंपनी. पाण्याच्या बाजूचे सल्लागार आर. बी. जॉयनर, तेही इंग्रज. काम चालवणारे एच. पी. गिब्ज अमेरिकन, म्हैसूर राज्याच्या शिवसमुद्रम केंद्रावरून इथं आलेले. टर्बाइन स्वित्झर्लंडची, मोठे नळ जर्मनीचे. आणि पैसा? पैसा मुख्यतः इथल्या लोकांचा, त्यात संस्थानिकही होते.

हे वाचून मी थबकले. स्थानिक मालकी म्हणताना आपण भांडवलाकडं बघतो. त्या हिशेबानं १९१० साली हा प्रकल्प अगदी देशी होता. पण त्या तिसऱ्या ओळीत एकही देशी नाव नव्हतं. भांडवल आपलं, दगड आपला, पाऊस आपला, माती वाहणारी माणसं आपली, आणि सही लंडनची.

त्या सहीवाल्यांनाही इथल्या पावसानं शिकवलं, हेही खरं. स्वित्झर्लंडमधल्या नद्यांना बर्फ उन्हाळ्यात पाणी पुरवतं. सह्याद्रीत चार महिने आभाळ फाटतं आणि मग आठ महिने कोरडे. धबधब्याखाली चाक लावून इथं भागत नाही. चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं तर आधी तळी बांधावी लागतात. म्हणून लोणावळा, वळवण, शिरवता अशी धरणं आली, त्यांना जोडणारे कालवे आले, खंडाळ्याच्या माथ्यावर पाणी गोळा करायची जागा आली, आणि तिथून नळ खोपोलीला उतरले. बाहेरून आलेलं ज्ञान इथल्या जमिनीवर जसंच्या तसं बसत नाही, याचा पहिला धडा मावळातच लिहिला गेलाय. आपण त्याच्यावरून पायी चालतो.

त्याच वाचनात १९२९ साल आलं. टाटांच्या तीन जलविद्युत कंपन्या तोवर उभ्या होत्या: खोपोलीची, ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीला चालणारी आंध्रा व्हॅलीची, आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला चालणारी टाटा पॉवर. समूहाची आर्थिक ओढाताण होती. त्या वर्षी या तिन्ही कंपन्यांचा कारभार पाहण्यासाठी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक एजन्सीज नावाची नवी संस्था निघाली आणि तिच्यात निम्मा वाटा अमेरिकन अँड फॉरिन पॉवर कंपनीला मिळाला. म्हणजे आता भांडवलाच्या दारातूनही परका आत आला. लोणावळ्याच्या पाण्याच्या कारभारात न्यूयॉर्कचा निम्मा शब्द. त्याच १९२९ मध्ये आमच्या याच लोहमार्गावर पुण्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली, हा निव्वळ योगायोग, पण गाडीत बसून हे वाचताना तो मला सोडवेना.

ही अमेरिकन अँड फॉरिन पॉवर कोण, म्हणून मी आणखी एक पायरी खाली उतरले. लोणावळ्याहून परतत होते. गाडी कामशेतला उभी होती. माझ्या टिपणवहीत मी लिहिलं होतं: मूळ कंपनी, इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर कंपनी, न्यूयॉर्क, स्थापना १९०५, जनरल इलेक्ट्रिकनं काढलेली. देशोदेशीच्या वीजकंपन्यांचे समभाग धरून ठेवणं हा तिचा धंदा. अमेरिकन अँड फॉरिन पॉवर ही तिची १९२३ सालची लेक, परदेशातल्या कंपन्यांसाठी. एवढं लांबलचक नाव पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून मी समासात आद्याक्षरं मांडली. इलेक्ट्रिकचं ई. बाँडचं बी. अँडचं ए. शेअरचं एस. कंपनीचं, इंग्रजीत करतात तसं, सी आणि ओ.

वडगाव आलं. मी वहीकडं बघत होते. तळेगाव आलं. मग ते एका दमात वाचलं.

एबास्को.

तो माणूस नव्हता. तो साहेबही नव्हता. ज्या घरानं १९२९ साली लोणावळ्याच्या पाण्यात वाटा घेतला, तेच घर १९६२ साली शिकवायला म्हणून परत आलं होतं. बेगडेवाडी कधी येऊन गेली ते मला कळलंच नाही, मी देहूरोडला उतरून उलट्या गाडीनं मामीकडं गेले. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आधी मालक होते, मग मास्तर झाले?"

इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

मालकाचा मास्तर कसा झाला, हे शोधायला मग अमेरिकेचा कायदा वाचावा लागला. १९२९च्या मंदीत तिथल्या या धारक कंपन्यांचे मनोरे डळमळले. एका कंपनीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, आणि वीज वापरणाऱ्याला कळेना की आपलं बिल शेवटी कुणाच्या खिशात जातं. १९३५ साली तिथल्या संसदेनं धारक वीजकंपन्यांवर कडक कायदा आणला. इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९३८ साली हरली. याच घडामोडींत तिच्या पदरी असलेल्या अभियंत्यांचा ताफा एबास्को सर्व्हिसेस या नावानं वेगळा उभा राहिला होता. समभाग सोडावे लागले, विद्या उरली. आणि असं दिसलं की विद्येलाही गिऱ्हाईक आहे.

इकडं स्वातंत्र्य आलं. मुंबईला घाटातलं पाणी पुरेनासं झालं आणि तुर्भ्याला औष्णिक केंद्र निघालं, पहिला संच १९५६ चा. त्याला १९५४ साली जागतिक बँकेनं कर्ज दिलं. पाण्याच्या विजेत मुरलेल्या टाटांना आता बॉयलर आणि वाफ शिकायची होती. देशात ठिकठिकाणी केंद्रं निघणार होती, आणि ती आखणारी माणसं मोजकी होती. १९६२ च्या भागीदारीचं मूळ या गरजेत आहे. मामा तिथं चिकटला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. गिरगावात खानावळ, शनिवारी घरी.

त्या काळाविषयी तो बोलायचा ते मला आता वेगळं ऐकू येतं. तिकडून जाडजूड मानकांच्या वह्या यायच्या. खांबापासून नळ किती लांब, झडपेभोवती माणूस वाकायला किती जागा, पायऱ्यांचा चढ किती, सगळं त्यात लिहिलेलं. अशा भागीदारीत शिकवणाऱ्याचा खरा ठेवा त्या वह्यांत असतो. माणसं दोन वर्षांनी परत जातात, वह्या राहतात. पण वहीत 'किती' असतं, 'का' नसतं. 'का' विचारायला माणूस लागतो, आणि तो परतायच्या आत विचारावं लागतं. मामा म्हणायचा, "साहेब जायच्या दिवशी मी पेढे नाही नेले, प्रश्नांचा कागद नेला."

म्यानाच्या आत एक दुसरी पट्टी होती. तिच्यावर बारीक अक्षरांत रूपांतरं: १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १ पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. चौरस इंचाला एक पौंड दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.०७०३ किलो. हे साधं वाटतं. पण भारतानं दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली केला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं-मापं व्यवहारातून हद्दपार झाली. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेच्या वह्या इंच आणि पौंड घेऊन मुंबईत उतरल्या, त्याच वर्षी देशानं इंच आणि पौंड टाकले. पहिल्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक पोऱ्याला प्रत्येक आकडा स्वतः पुन्हा काढावा लागला. नुसती नक्कल करायची सोयच उरली नाही. मला वाटतं, स्लाइड रूल सरकवत सरकवत आकडा बदलणाऱ्या या मुलांच्या हाती कंपनी त्याच वेळी थोडी थोडी येऊ लागली होती. समभागांचा व्यवहार मागाहून झाला.

त्या व्यवहाराला सरकारचा आणि रुपयाचाही धक्का होता. १९५७-५८ पासून परकीय चलन आटलं होतं. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. हजार डॉलरचं सल्ल्याचं बिल एका रात्रीत ४,७६० चं ७,५०० रुपये झालं. मग प्रत्येक खात्यात एकच प्रश्न: हे इथल्या माणसाला येत नाही का? १९७३ साली विदेशी चलन नियमनाचा कायदा आला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा लागला. दिल्लीत इंजिनिअर्स इंडिया ही सरकारी कंपनी १९६५ साली बेक्टेलच्या भागीदारीत निघाली आणि दोनच वर्षांत, १९६७ ला, पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली. कोलकात्याच्या दस्तूर कंपनीनं तर भागीदारच घेतला नव्हता. तिनं बोकारो पोलाद कारखान्याचा आराखडा केला, पण कारखाना सोव्हिएत मदतीनं होणार म्हटल्यावर मुख्य सल्लागारपण रशियनांकडं गेलं. मदत देणारा देश आपला अभियंता सोबत पाठवतो. कर्जाच्या कागदात सहीची जागा आधीच ठरलेली असते. बोकारोच्या त्या कहाणीचा मला आजही राग येतो.

पण कायद्यानं आणि चलनानं परका बाहेर काढता येतो, त्याच्या जागी बसायला माणूस लागतो. तो कसा तयार झाला हे कोळशानं सांगितलं, आणि मामाच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा कोळसाच यायचा. औष्णिक केंद्रांना मिळणाऱ्या आपल्याकडच्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख. अमेरिकन कोळशात तिचा अंश फार कमी. अमेरिकन आराखड्याचा बॉयलर कोराडीला किंवा चंद्रपूरला जसाच्या तसा बसवला असता तर काय झालं असतं? तेवढीच उष्णता मिळवायला कोळसा जास्त लागतो, म्हणून दळायच्या चक्क्या जास्त. ती राख वाळूसारखी धारदार, वायूबरोबर वेगानं उडाली की नळ्या घासून घासून पातळ करते. म्हणून भट्टी मोठी हवी, म्हणजे वायू सावकाश जाईल. राख टाकायला एकरांची तळी हवीत. बाहेरचं तापमान चाळिशीच्या पुढं, म्हणून थंड करायची यंत्रणाही मोठी. म्हणजे वहीतला जवळजवळ प्रत्येक 'किती' इथं चुकीचा ठरतो, आणि ज्यानं 'का' विचारून ठेवलं होतं तोच नवा 'किती' लिहू शकतो.

१९८४ साली तुर्भ्याला ५०० मेगावॉटचा संच सुरू झाला, देशातला त्या आकाराचा पहिला. सल्लागार अभियांत्रिकीचं काम टीसीईचं. मामा त्या दिवशी घरी उशिरा आला आणि न जेवता झोपला, एवढंच मामीला आठवतं.

आता मुळशी. हे टाळून ही गोष्ट सांगितली तर मी मावळची कसली? टाटांच्या मुळशी धरणात शेतं आणि गावं बुडणार म्हणून १९२१च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, पांडुरंग महादेव बापट होते, आणि बापटांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्यानं दिलं. धरण झालं. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं परका कोण होता? लंडनचा सल्लागार परका, पण मुंबईची कंपनी तरी त्याची कुठं होती? 'स्थानिक मालकी' हा शब्द मुंबईच्या कचेरीत उच्चारला तर एक अर्थ, ताम्हिणीच्या वाटेवर उच्चारला तर दुसरा. नकाशावर पाण्याची निळी रेघ जिथून काढली तिथं राहणाऱ्याला विचारायची चौकट ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आजही नाही. परक्याच्या जागी आपला माणूस सही करू लागला की त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त असते, कमी नाही. लंडनच्या माणसाला मराठी येत नव्हतं. आपल्याला येतं.

आणि मालकी एकदा आली की कायमची, असंही मी आता म्हणणार नाही. मुंबईतलीच दुसरी एक कहाणी स्टुपची. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती थंड होताना आवळते आणि सगळं चाक घट्ट धरते. काँक्रीटच्या पोटात पोलादी तारा ताणून त्याला असंच आधीपासून आवळून ठेवायचं तंत्र फ्रान्सच्या युजेन फ्रेसिने यांचं. ते तंत्र जगभर नेणारी फ्रेंच संस्था म्हणजे स्टुप. भारतात तिची कंपनी १९६३ साली निघाली, पुढं ती इथल्या अभियंत्यांच्या हाती आली, सी. आर. अलिमचंदानी यांच्या नेतृत्वाखाली मोठी झाली. अलीकडं ती असिस्टेम या फ्रेंच कंपनीनं घेतली. गोल फिरून पुन्हा पॅरिस. हे वाईटच झालं, असं मला म्हणता येत नाही. ड्रॉइंग काढणारी माणसं इथलीच आहेत, सही इथलीच आहे. १९१० च्या बरोबर उलटा प्रकार: विद्या आपली, भांडवल परकं.

मामीच्या ओट्याजवळून थोडं चालून गेलं की द्रुतगती मार्गाची घरघर ऐकू येते. १९९० साली त्याच्या शक्यतेचा अभ्यास राइट्स या आपल्या सरकारी कंपनीला आणि ब्रिटनच्या स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिकला दिला गेला, राइट्सनं अहवाल १९९४ ला दिला, रस्ता २००२ साली पुरा झाला. स्कॉट विल्सन २०१० साली एका अमेरिकन कंपनीत विरघळली, ती कंपनी पुढं आणखी मोठ्या कंपनीत. आणि एबास्को? ती १९६९ नंतर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. मध्ये हॅलिबर्टननं घेतली, मक्तेदारीविरोधी कायद्यामुळं सोडली, शेवटी १९९३ साली रेथिऑनकडं गेली आणि नाव पुसलं गेलं. ज्या शाळेत मामा शिकला ती शाळा आता जगात कुठंही नाही. तिचं नाव पूर्ण अक्षरांत मला सापडलं ते बेगडेवाडीच्या माळ्यावर, चामड्याच्या म्यानावर.

रूपांतरांची ती आतली पट्टी फाटू नये म्हणून मी ती म्यानातून हलक्या हातानं ओढून काढली. मागची बाजू आजवर कुणी बघितली नसावी. तिथं लाल शाईत, मामाच्या त्याच उभ्या अक्षरांत, मराठीत तीन ओळी होत्या.

"काय लिहिलंय?" मामीनं विचारलं. तिचा चष्मा सापडत नव्हता.

मी वाचून दाखवलं.

"आपला कोळसा, राख ४० धरावी. तिकडचा तक्ता वापरू नये. शंका आल्यास मला विचारावे."

खाली त्याची आद्याक्षरं होती.